दीर्घ कथामालिकांतील नायक आणि त्याला आठवणारा निवेदक

प्रस्तावना :

एकच नायक घेऊन वर्षानुवर्षे चालणाऱ्या कथामालिकांविषयी एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. पहिले भाग चांगले होते, पुढे कथा विसविशीत झाली आणि नायक तर ओळखू येईनासा झाला. पुस्तकांच्या मालिका, दूरचित्रवाणीवरील मालिका आणि गेल्या दोन-तीन दशकांत आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आलेले व्हिडिओ गेम या सर्वांविषयी ही तक्रार होते. मालिका फार लांबली, हे तिचे कारण सामान्यतः सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास ते अपुरे वाटते. नायकाची सुसंगती भागांच्या संख्येवर अवलंबून नसते. कथेच्या आत मागचे आठवणारा कोणी उरला आहे की नाही, यावर ती अवलंबून असते, असे येथे मांडावयाचे आहे.

हा विषय महाविद्यालयीन नियतकालिकास शोभणारा नाही, असे काही सहकाऱ्यांना वाटेल. परंतु बखरींतील एकाच पुरुषाचे चित्र एका बखरीतून दुसऱ्या बखरीत कसे पालटते, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकवितोच. लोकप्रिय मालिकांना तीच कसोटी लावण्यास हरकत नसावी.

पर्शियाचा राजपुत्र :

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये तयार केला. त्यात कथा नाममात्र होती. कैदेतील तरुणाने साठ मिनिटांच्या आत राजकन्येपर्यंत पोहोचावयाचे, एवढेच. नायकाला स्वभाव असा नव्हताच. तो आला २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम' या भागात. युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल येथील शाखेने तो तयार केला व कथा मेकनर यांनीच लिहिली. भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावर इराणी सैन्य चालून येते, राजपुत्राच्या हातून काळाची वाळू मोकळी होते आणि अनर्थ ओढवतो. महाराजांची कन्या फराह व हा उतावळा, थोडासा गर्विष्ठ राजपुत्र मिळून तो अनर्थ निस्तरतात. (भारतीय महाराजांच्या कन्येचे नाव फराह का, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.)

या भागाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. संपूर्ण खेळ ही राजपुत्राने फराहला सांगितलेली गोष्ट आहे. खेळणाऱ्याच्या चुकीने नायक मरण पावला, की निवेदक राजपुत्राचा आवाज मध्येच म्हणतो की, असे घडलेच नव्हते, आणि गोष्ट मागे नेतो. पोथी लागलेल्या घरातील कोणासही येथे ओळखीचे काहीतरी दिसेल. बीड जिल्ह्यात आणि एकूणच मराठवाड्यात श्रीधरांच्या 'पांडवप्रताप' (१७१२) व 'हरिविजय' (१७०२) या पोथ्या लावण्याची परंपरा आहे. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगणारा घसरला, तर ओसरीवरची एखादी म्हातारी त्याला तिथेच थांबवते. भीम भीमच राहतो, याचे श्रेय जितके ग्रंथकर्त्याचे, तितकेच त्या म्हातारीचेही आहे.

'सँड्स ऑफ टाइम'ची समीक्षकांनी प्रशंसा केली. मात्र आरंभीची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. पुढील वर्षीच्या, २००४ च्या 'वॉरियर विदिन' या भागात मेकनर नव्हते. मधल्या सात वर्षांत दहाका नावाच्या राक्षसी शक्तीने पाठलाग केल्यामुळे राजपुत्र संतापी व कठोर झाला आहे, असे त्यात गृहीत धरले. आवाजही दुसऱ्या नटाचा होता. मेकनर यांनी या भागातील हिंसेविषयीची आपली नापसंती पुढे उघडपणे नोंदविली.

येथे न्यायाने बोलावयास हवे. स्वभाव पालटण्यास कारण दिलेले नाही, असे नाही. सात वर्षे मृत्यू पाठीशी लागलेला माणूस बदलणारच. परंतु तो बदल आपल्यासमोर घडत नाही. दोन भागांच्या मधल्या रिकाम्या जागेत घडतो. आणि पहिल्या भागात प्रत्येक चूक दुरुस्त करणारा निवेदक या भागातून नाहीसा झाला आहे. त्यामुळे हा तोच राजपुत्र आहे, याची ग्वाही कथेत कोणीच देत नाही. २००५ च्या 'द टू थ्रोन्स' या भागात जुना आवाज परत आणला गेला आणि नायकाच्या अंगी असलेला संताप 'डार्क प्रिन्स' म्हणून वेगळा बोलू लागला. परस्परविरोधी दोन वचनांचा मेळ घालणाऱ्या भाष्यकाराचीच ही युक्ती होय. २००८ मध्ये तर सर्वस्वी वेगळाच राजपुत्र आणला गेला. २०१० चा भाग त्या सात वर्षांच्या पोकळीत नेऊन बसविण्यात आला, तोवर बराच उशीर झाला होता.

चिमणराव :

याच्या उलट उदाहरण मराठीत आहे. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या 'चिमणरावाचे चऱ्हाट' या पुस्तकापासून 'आणखी चिमणराव', 'चौथे चिमणराव' अशी मालिका अनेक वर्षे चालली. मधल्या काळात पुणे बदलले, महायुद्ध झाले, राज्य बदलले. चिमणरावही बदलतो. लग्नाच्या खटपटीतील तरुण, काऊचा नवरा, मोरू-मैनेचा बाप अशा अवस्थांतून तो जातो. तरीही हा निराळा माणूस आहे असे वाचकास कधी वाटत नाही. कारण चिमणराव स्वतःच सांगत असतो. त्याची भित्री बढाई आणि गुंड्याभाऊवरची भिस्त त्याच्या वाक्यावाक्यांत आहे. नायक वयाने वाढतो, पण सांगणारा आवाज सुटत नाही.

जोशी हे पालीचे अभ्यासक होते, ही गोष्ट मला येथे अर्थपूर्ण वाटते. जातककथा ही सुमारे साडेपाचशे भागांची मालिकाच आहे. बोधिसत्त्व कधी माकड, कधी हरिण, कधी राजा असतो. प्रत्येक कथेच्या अखेरीस तेव्हाचा अमुक म्हणजे आजचा अमुक, असे सांगून बुद्ध सांधा जुळवितात. देह प्रत्येक वेळी निराळा असूनही नायक एकच राहतो, कारण सांगणाऱ्यास सर्व जन्म आठवतात. चिमणराव जातकांतून निघाला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण ज्या लेखकाने आयुष्य जातकांच्या सहवासात घालविले, त्याला निवेदकाचे मोल ठाऊक असणार.

फास्टर फेणे :

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी तिसरा मार्ग पत्करला. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे मोठा होतच नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या पार्श्वभूमीवरील साहसात असलेला हा शाळकरी मुलगा कितीतरी वर्षांनंतरही शाळकरीच असतो. इतिहास पुढे सरकतो आणि नायक जागच्या जागी राहतो. कालगणनेच्या दृष्टीने ही विसंगती मोठी आहे. तरी ती कोणाही बालवाचकास खुपली नाही. सायकल, ते 'ट्टॉक्' आणि नको तिथे नाक खुपसण्याची सवय कायम होती, आणि लेखणी एकाच माणसाच्या हाती होती. अर्थात ही सुसंगती सवयींची आहे. फेणेला मागचे फारसे आठवावे लागत नाही. त्याच्यासाठी भागवत आठवतात. चिमणरावाच्या तुलनेत मी तिला दुय्यम मानतो.

प्रश्न येतो तो लेखक गेल्यानंतर. अशा मालिकांची पुस्तके ग्रंथालयांत कशी उरतात, हे आपण पाहतोच. मी पाहिलेल्या एका वाचनालयात या मालिकेचे तीन-चार भाग होते, तेही मुखपृष्ठाविना आणि क्रमाविना. 'जीर्ण' असा शिक्का मारून ते रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवलेले होते. खेळांची स्थिती याहून बिकट आहे. जुन्या तबकड्या नव्या यंत्रांवर चालतीलच असे नाही. मग आधी काय घडले होते, हे ठरविण्याचा अधिकार वाचकाकडे किंवा खेळणाऱ्याकडे न राहता केवळ मालकी हक्क असणाऱ्याकडे जातो. ओसरीवरच्या म्हातारीला आक्षेप घेण्यासाठी पोथी शिल्लक असावी लागते.

२०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या दिग्दर्शनाखाली 'फास्टर फेणे' हा चित्रपट आला. त्यातील फेणे शाळकरी नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण आहे. आपल्या जिल्ह्यातून या परीक्षेच्या तयारीसाठी लातूर-पुण्यास जाणारी मुले पाहता ही निवड कळते. मात्र वय, काळ, संकट सारेच पालटल्यावर हा तोच फेणे कशावरून, हा प्रश्न चित्रपटकर्त्यांनाही पडला असावा. त्यांनी कथेत एक वृद्ध गृहस्थ आणून बसविले. त्यांचे नाव भा. रा. भागवत. ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली, ज्यांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनच्या प्रेक्षकांनी चिमणराव म्हणून पाहिले होते.