मऊ नाकाची गोळी

इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यात एक अट आहे. रायफलने हरीण मारायचे असेल तर गोळी मऊ नाकाची किंवा पोकळ नाकाची हवी, दुसरी चालणार नाही. हाच देश १९०७ साली हेगच्या त्या जाहीरनाम्यात सामील झाला होता, ज्याने अंगात शिरून पसरणारी गोळी युद्धात माणसावर झाडायला १८९९ मध्येच बंदी घातली होती. म्हणजे रणांगणावर जो गुन्हा, तीच रानात सक्ती. या गोळीचे एक जन्मगाव कलकत्त्याजवळ आहे आणि तिचा एक वंश अजून पुण्याच्या खडकीत नांदतो. तेव्हा तिची कुळकथा मराठीत सांगायला हरकत नसावी.

आमच्या इचलकरंजीकडे मात्र काळविटाच्या शिकारीची गोष्ट गोळीपासून सुरू होत नाही, चित्त्यापासून होते. कोल्हापूर दरबाराने चित्ते बाळगले होते आणि ते सांभाळणाऱ्या चित्तेवानांची घराणी शहरात होती. शाहू महाराजांना या शिकारीचा शौक होता, राजाराम महाराजांनाही. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा. काळवीट माणसाला बुजतो तितका गाडीला बुजत नाही, त्यामुळे कळपाच्या बऱ्यापैकी जवळ जाता येई. मग टोपी काढायची. पुढचा पाठलाग काही शे मीटरांचा आणि त्याचा शेवट चित्त्याच्या जबड्यात, काळविटाच्या नरड्याशी. पाळलेला चित्ता सहसा वीत नसे, म्हणून प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. हिंदुस्थानातले संपत आले तेव्हा आफ्रिकेकडे मागणी गेली. १९१८ ते १९४५ या काळात कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी तिकडून सुमारे २०० चित्ते आणवले. राजाचा चित्ता, पारध्याचा फास. दोघांनाही गोळीची गरज नव्हती. ती लागली साहेबाला, आणि साहेबाचे पाहून जहागीरदार-इनामदारांना.

सुरुवातीची गोळी म्हणजे शिशाचा गोल मणी. ठासणीच्या बंदुकीत दारू भरायची, वर मणी ठासायचा आणि देवाचे नाव घेऊन बार काढायचा. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे साठ-सत्तर पावलांच्या पुढे नेम म्हणजे निव्वळ आशा. नळीला आतून आटे पाडले, गोळी फिरत बाहेर पडू लागली, तेव्हा कुठे ती सरळ जाऊ लागली. पण किती फिरवायची? या प्रश्नावर १८६३ साली एका माणसाने अख्खे पुस्तक लिहिले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ. हा मध्य प्रांतातला अधिकारी, सातपुड्यात हिंडलेला. शिकारीची रायफल आणि तिची गोळी हाच त्या पुस्तकाचा विषय.

इचलकरंजीच्या वाचकाला फोर्सिथ समजावून सांगणे सोपे आहे. इथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासून सुताला इंचात किती पीळ याची चर्चा गावात सुरू आहे. बंदूकवाला तोच हिशेब उलटा मांडतो. किती इंचांत एक पीळ? पीळ कमी पडला की सूत तुटते, गोळी डगमगते. फाजील झाला की सूत आकसते, आणि शिशाचा मणी आटे सोडून नळीतून सरपटत निघतो. फोर्सिथने सुचवला १०४ इंचांत एक पीळ, जवळजवळ नाहीच म्हणा ना. इतक्या सैल पिळात गोल मणी भरपूर दारूने हाणता येतो, तो वेगाने जातो आणि त्याची वाट फारशी वाकत नाही. जंगलात अंतर डोळ्यांनी अदमासायचे असते. अदमास वीस-पंचवीस पावलांनी चुकला तरी गोळी हरणाच्या छातीतच बसावी, हे त्याचे गणित होते. नेमबाजीच्या मैदानावरची अचूकता आणि रानातली अचूकता वेगळी, हे इतक्या स्वच्छपणे मांडणारा माझ्या मते हा पहिला माणूस.

पुढे गोळी लांबट झाली. लंडनच्या पर्डीने १८५६ मध्येच आपल्या वेगवान रायफलीला आगगाडीवरून एक्स्प्रेस हे नाव दिले होते. पुढच्या काळात एक्स्प्रेस म्हणजे भरपूर काळी दारू आणि हलकी, टोकाला पोकळी ठेवलेली गोळी असे समीकरण बसले. शिसे मऊ, पुढे पोकळी. अंगात शिरताच गोळी फुलायची. चितळ-काळविटावर हिचा परिणाम उत्तम. रानगव्यावर मात्र ती कातडीखालीच फुटून जायची, आणि मग शिकाऱ्याची धडगत नसे.

आता या घराण्यातली मोठी उलथापालथ. १८८२ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या एडुआर्ट रुबिनने शिशाला तांब्याचे कवच चढवले. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने धूर न करणारी दारू काढली. नव्या दारूचा वेग उघड्या शिशाला सोसवत नव्हता, ते नळीतच वितळून चिकटले असते. कवच आल्यावर ती अडचण मिटली, नळीचे भोक लहान झाले, वेग वाढला. इंग्रजांची थ्री-नॉट-थ्री यातूनच आली, २१५ ग्रेनची, गोल नाकाची, सगळीकडून झाकलेली. लांब मारणारी, अचूक, स्वच्छ. फक्त एक खोट होती. अंगातून ती सुईसारखी आरपार जायची. १८९५ च्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्रळ मोहिमेत सैनिकांनी तक्रार केली की गोळी लागूनही समोरचा माणूस धावत येतो. शिकाऱ्यांचा अनुभव वेगळा नव्हता. काळविटाला गोळी लागली, तो तरीही दोन कोस पळाला, कुठल्यातरी ओढ्यात जाऊन पडला आणि तिथेच रात्रभर तडफडून मेला.

इथे थोडे थांबायला हवे. हरीण गोळीने मरते म्हणजे काय? पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात हृदय असते आणि त्याच्याभोवती फुप्फुसे. तिथे रुंद वाट पडली की रक्तस्राव झपाट्याने होतो, रक्तदाब कोसळतो आणि जनावर काही पावलांत खाली येते. बारीक छिद्र पडले तर तेच मरण तासांवर जाते. म्हणून गोळी नेमकी लागणे हे अर्धे काम. लागल्यावर ती रुंद होणे हे उरलेले. यात दया आहे असे म्हणवत नाही, पण वेदना कमी आहे एवढे खरे.

हे उरलेले काम कलकत्त्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने केले, १८९६-९७ च्या सुमारास. करामत साधीच होती. नाकावरचे कवच थोडे मागे घेतले आणि टोकाला शिसे उघडे ठेवले. हाडामांसावर आदळताच ते चेपे, पसरे आणि कवचाला मागे उलगडत नेई. १८९७-९८ मध्ये त्याच सरहद्दीवरच्या तिराहच्या लढाईत ती अफ्रिदी टोळ्यांवर वापरली गेली आणि युरोपात गदारोळ झाला. जर्मनीत ट्युबिंगनच्या पाउल फॉन ब्रुन्स या शल्यविशारदाने प्रयोग करून भयानक जखमा दाखवल्या. गंमत अशी की त्याने वापरलेल्या गोळ्या डमडमच्या नव्हत्याच. त्या शिकारीच्या होत्या आणि त्यांचे शिसे कितीतरी जास्त उघडे होते. हरणाच्या गोळीचे पाप फौजी गोळीच्या माथी बसले, असे इंग्रज म्हणत राहिले. हेगच्या परिषदेत त्यांच्या सर जॉन आर्डाने युक्तिवाद केला की युरोपी सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी माणूस थांबत नाही. ही त्या काळची साम्राज्याची विवेकबुद्धी! परिषदेने ते ऐकले नाही.

बंदी फौजेला होती, शिकाऱ्याला नव्हती. तेव्हा मऊ नाक रानात राहिले आणि तिथेच वाढले.

हिंदुस्थानात मात्र गोळी निवडण्याचा अधिकार शिकाऱ्याला कधी फारसा मिळालाच नाही. इथे तो सरकारने आपल्याकडे ठेवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ठरवले की फौजेत चालणारी काडतुसे खाजगी घरांत नकोत. पलटणीतून चोरलेली थ्री-नॉट-थ्री कुणाच्या रायफलीत बसता कामा नये. मग व्यापाऱ्यांनी वाट काढली. ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे ८ मिलिमीटरचे काडतूस उचलले, बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एनफिल्डच्या घडणीची रायफल त्या मापात बसवली आणि तयार झाली तीनशे पंधरा बोअर. ज्या सैन्यासाठी हे काडतूस जन्मले ते सैन्यच इतिहासजमा झाले, पण काडतूस आपल्याकडे जिवंत आहे. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र कायद्याने प्रतिबंधित बोअरची भिंत तशीच ठेवली आणि तीनशे पंधरा परवानाधारकांची रायफल होऊन बसली. तिची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात. हा कारखाना १८६९ चा. पितळी बुडावर केएफ अशी अक्षरे दिसली की माल खडकीचा.

गोळी म्हणून तिची पारख केली तर? वजन अडीचशे ग्रेनच्या आसपास, नाक बोथट, वेग बेताचा. सांबर किंवा रोही यांसारख्या दोनशे किलोच्या जनावराला ही बरोबर. काळवीट भरतो पस्तीस-चाळीस किलो. त्याच्यासाठी ती जड आणि मंद. बोथट नाकाला हवा अडवते, दीडशे-दोनशे मीटरांपलीकडे ती झपाट्याने खाली येते, आणि उघड्या माळावरचा काळवीट तर दुरूनच निसटतो. त्याला हवी हलकी, वेगवान, लवकर उघडणारी गोळी. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी रिग्बी रायफल भेट मिळाली ती पॉइंट टू-सेव्हन-फाइव्हची, म्हणजे ७ मिलिमीटर माउझरच्या मापाची. १४० ग्रेनच्या गोळीसह ती काळविटाच्या मापाला नेमकी बसते. पण अशी विलायती काडतुसे सर्वांना परवडणारी नव्हती. ज्याच्या हाती तीनशे पंधरा, त्याने सशापासून सांबरापर्यंत तिच्यावरच भागवले.

बाहेरच्या जगात गोळी सुधारत राहिली. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकनाच्या गोळ्या मूस जातीच्या एका थोराड हरणावर वरच्यावरच फुटल्या. चिडून त्याने गोळीच्या पोटात तांब्याची भिंत घातली. पुढचे शिसे फुलायचे, मागचे तसेच आत घुसायचे. १९४८ पासून ती विकली जाऊ लागली. पुढे मऊ टोक खिशात-पेटीत चेपते म्हणून टोकाला प्लास्टिक आले. नंतर शिसेच नको, सबंध गोळी तांब्याची. शिशाचे कण मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जातात म्हणून कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीत शिसे पूर्ण बंद केले.

यातले काहीच आपल्यापर्यंत पोचले नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने इथला विषयच संपवला. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारले तर किमान तीन वर्षे तुरुंग. मला हे योग्यच वाटते. आमच्या पंचगंगेकाठी माळ उरलेत कुठे? जिकडे पाहावे तिकडे ऊस. काळवीट पाहायचा तर अहिल्यानगर जिल्ह्यातले रेहेकुरी किंवा शेजारच्या सांगलीतले सागरेश्वर गाठावे. कोल्हापूर जिल्ह्यात आज गोळी पारखून घेतली जाते ती कागदी निशाणासाठी. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलेला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्या प्रकारातली पॉइंट टू-टूची गोळी ४० ग्रेनची, बिनकवचाची, फोर्सिथच्या मण्यासारखी निव्वळ शिशाची. या खेळात काडतुसांचा एकेक लॉट आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो जमतो तोच घेतात. अचूकतेत हिचा हात धरणारी गोळी सापडणे कठीण. हरणावर मात्र ती झाडणे क्रूरपणाच ठरेल.

शेवटी एक कामाची गोष्ट. या भागातल्या बऱ्याच जुन्या घरांत आजोबांची रायफल किंवा फडताळात विसरलेली केएफची काडतुसे निघतात. परवाना आजोबांबरोबर संपला आहे, हे लक्षात ठेवा. काडतूस पकडीने उघडू नका, भंगारात देऊ नका, आठवण म्हणून पोरांच्या हाती देऊ नका. शस्त्र कायद्याप्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. रायफल वारसाने ठेवायची असेल तर स्वतःच्या नावाच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो.