समुद्राची शेती आणि प्रसाधनांचा व्यापार

ताथवड्याच्या एका अंगाला पवना वाहते, दुसऱ्या अंगाला मुळा. समुद्र येथून दिसत नाही. तो घाटाखाली, कोकणात. आमच्या नद्यांनाही त्या जवळच्या समुद्राची ओढ नाही. पवना दापोडीपाशी मुळेस मिळते; ते पाणी पुढे भीमेत व भीमेतून कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागरास पोहोचते. अशा गावी समुद्राच्या शेतीवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न श्रोत्यांना पडला तर तो वावगा म्हणता येणार नाही.

पण समुद्र आमच्या न्हाणीघरात रोज सकाळी हजर असतो. दात घासण्याची पेस्ट नळीतून निघताना पाण्यासारखी ओघळत नाही आणि दगडासारखी वाळतही नाही, याचे कारण पुष्कळदा तांबड्या रंगाच्या समुद्रशेवाळातून काढलेला कॅरेजीनन नावाचा चिकट पदार्थ हे असते. चेहऱ्यास लावावयाचे लेप, हातापायांची क्रीमे, शांपू यांतही कोठे अल्जिनेट, कोठे अगर, असा शेवाळाचा अंश सापडतो. आमच्या गृहिणी ज्यास चायना ग्रास म्हणतात, ते अगरच होय.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांशी सभा घेण्यात गेले, आणि जे काही वाचले ते वाचनालयांतून व युनियनच्या कचेरीत बसून वाचले. या विषयाकडे आम्ही वळलो तेही फाटकावरूनच. डब्यांत क्रीम भरणाऱ्या कंत्राटी बायकांपैकी एकीने सभा संपल्यावर आम्हांस विचारले, "भाऊ, खोक्यावर ह्या निळ्या लाटा कशापायी काढल्यात?" समुद्रातला काही पदार्थ त्यात असेल, एवढेच उत्तर त्या वेळी आम्ही देऊ शकलो. तो पदार्थ कोण काढते, काय भावाने विकते, आणि भाव पडला म्हणजे त्या माणसाचे काय होते, याचा शोध घेता घेता जो इतिहास हाती लागला तो आज मांडीत आहोत.

समुद्रातील वस्तू अंगास लावण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. समुद्रफेस हा फेस नसून माकूल जातीच्या प्राण्याचे हाड असते; ते उगाळून लावीत. धूपात घालावयाचा नखला म्हणजे समुद्रातील गोगलगाईच्या शिंपल्यावरील झाकण. अत्तरात वापरला जाणारा अंबर हा देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या देशात त्याचा व्यापार आता गुन्हा ठरतो. परंतु हा सारा व्यवहार तोळ्या-माशाचा होता. बरेचसे लाटेने किनाऱ्यावर टाकावे आणि माणसाने वेचावे, असे ते होते. कारखाना उभा राहिला तेव्हा तोळ्याचे टन झाले, आणि आमचा खरा इतिहास तेथून सुरू होतो.

साबण करावयाचा तर क्षार हवा. अठराव्या शतकात इंग्लंडातील साबणवाल्यांना व काचवाल्यांना हा क्षार एका खाऱ्या झुडपाच्या राखेतून मिळे, आणि ती राख स्पेनमधून येई. स्कॉटलंडच्या ऑर्कने बेटांत १७२२ च्या सुमारास समुद्रशेवाळ जाळून तशीच राख काढण्यास सुरुवात झाली. या राखेस केल्प म्हणत. पुढे पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांत हा धंदा फोफावला. कमरेइतक्या थंड पाण्यात उभे राहून विळ्याने शेवाळ कापावे, किनाऱ्यावर आणून वाळवावे, दगडांनी बांधलेल्या खड्ड्यात जाळावे आणि धगीत उभे राहून लोखंडी दांड्यांनी घोटावे, असे हे काम. वीस टनांहून अधिक ओले शेवाळ जाळावे तेव्हा टनभर राख पडे. नेपोलियनशी युद्ध जुंपले, स्पेनची राख दुर्मिळ झाली आणि केल्पचा भाव टनास वीस पौंडांपर्यंत चढला. जमीनदारांच्या हवेल्या त्यावर उभ्या राहिल्या. खड्ड्याशी राबणाऱ्या कुळाच्या हाती त्यातले दोन-तीन पौंड पडत, आणि तेही बहुधा खंडात वळते होत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. किनाऱ्यावर मजूर भरपूर राहावेत म्हणून जमीनदारांनी जमिनीचे इतके लहान तुकडे पाडले की नुसत्या शेतीवर कुणाचे पोट भरू नये. लोक कॅनडाकडे निघू लागले तेव्हा १८०३ साली पार्लमेंटात प्रवासी जहाजांचा कायदा झाला. उतारूंच्या सुखसोयींचे कारण त्यास देण्यात आले. परंतु त्याने प्रवासाचे भाडे चढले, गरिबास गाव सोडणे अवघड झाले, आणि तो कायदा व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत हेच जमीनदार होते.

मग युद्ध संपले. स्पेनची राख पुन्हा येऊ लागली. १८२५ साली इंग्लंडात मिठावरील कर उठला आणि लब्लांक या फ्रेंच रसायनवेत्त्याच्या पद्धतीने मिठापासून स्वस्त सोडा कारखान्यात होऊ लागला. केल्पचा भाव कोसळला. ज्या कुळांना काल जाऊ दिले जात नव्हते तीच आज जड झाली. त्यांच्या जागी मेंढ्या आल्या. १८४६ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले, आणि १८५१ साली दक्षिण यूइस्ट व बारा या बेटांतील कुळांना त्यांच्या जमीनदाराने जहाजांत भरून कॅनडात धाडले.

समुद्रातले शेवाळ मात्र संपले नव्हते. दरसाल ते तसेच उगवत होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो धंदा निसर्गाच्या दृष्टीने 'शाश्वत' होता. अशाश्वत ठरला तो राबणारा माणूस. प्रस्तुत व्याख्यानात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः हेच आहे.

याच्या उलट प्रकार मुशीचा, म्हणजे शार्कचा. कोकणात मुशीच्या यकृताचे तेल होडीच्या फळ्यांना चोपडण्याची रीत होती. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड माशाचे तेल येईनासे झाले, तेव्हा मुंबई व मद्रास इलाख्यांच्या मत्स्यखात्यांनी मुशीचे औषधी तेल काढावयास घेतले; त्यात 'अ' जीवनसत्त्व भरपूर असते. युद्धानंतर ते जीवनसत्त्व रसायनशाळेत तयार होऊ लागले आणि या तेलाची जुनी मागणी ओसरली. पण त्यास दुसरा गिऱ्हाईक भेटला. त्सुजिमोतो या जपानी रसायनवेत्त्याने १९०६ साली मुशीच्या तेलात स्क्वालीन नावाचे द्रव्य शोधले होते. त्यापासून केलेले तेल त्वचेत चटकन मुरते व तेलकटपणा ठेवीत नाही, म्हणून क्रीमवाल्यांनी ते उचलले. खोल समुद्रातील मुशी सावकाश वाढते व पिले थोडी देते. तिची शिकार अशा मागणीस पुरी पडणारी नव्हे. ओरड झाली, आणि २००८ च्या सुमारास युनिलिव्हर, लॉरियल यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी मुशीचे स्क्वालीन सोडण्याचे जाहीर केले. त्याची जागा ऑलिव्हच्या तेलाने आणि पुढे ब्राझीलमधील उसाच्या साखरेवर यीस्ट पोसून काढलेल्या द्रव्याने घेतली. मुशी वाचली तर आम्हांस आनंदच आहे. पण ऊस म्हटल्यावर महाराष्ट्रातील माणसास कोयता आठवल्याशिवाय राहत नाही. दिवाळीनंतर बीडहून बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून निघणारी बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली, ते उसापासून केले म्हणजे सारे शुद्ध झाले, असे मानणार नाहीत. भार समुद्रावरून उतरला की तो कोणाच्या डोक्यावर चढला, हे पाहावेच लागते.

आता शेतीकडे वळू. किनाऱ्यावरचे शेवाळ ओरबाडून पुरेना, म्हणून ते लावण्याची युक्ती निघाली. फिलिपाइन्समध्ये हवाई विद्यापीठाचे प्राध्यापक मॅक्सवेल डोटी यांनी १९६० नंतरच्या दशकात स्थानिक लोकांच्या मदतीने तांबड्या शेवाळाची लागवड बसविली. तिच्यातील एका मुख्य जातीच्या नावात आल्वारेझ या त्यांच्या फिलिपिनो सहकाऱ्याचे नाव गोवलेले आहे. आज जगातील बहुतेक सर्व शेवाळ लागवडीचे आहे. २०१९ साली सुमारे साडेतीन कोटी टन ओले शेवाळ निघाले, त्यात रानटी शेवाळाचा वाटा शंभरात तीनच.

हीच जात १९८४ साली जपानहून भारतात आली. भावनगर येथे १९५४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाढविली व पुढे तमिळनाडूत मंडपम येथे नेली. २००० च्या सुमारास पेप्सी कंपनीने तंत्र विकत घेतले. पाल्कच्या आखातात बांबूचे तराफे तरंगू लागले : तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोरीला शेवाळाच्या फांद्या बांधलेले. पंचेचाळीस दिवसांत पीक काढणीस येते, म्हणून एकेका माणसाने पंचेचाळीस तराफे ठेवावेत आणि रोज एक काढावा, असा हिशेब. बचतगटांच्या बायकांना बँकांनी कर्जे दिली. माल घेणारी कंपनी एकच. २००८ साली हा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे गेला. त्याच वर्षी हे परदेशी शेवाळ कुरुसडै बेटालगतच्या पोवळ्यांवर पसरल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. २०१३ नंतर पाणी तापले, रोग पडला, पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि अनेक कुटुंबांनी ते काम सोडले. कारखान्यात यंत्र मोडले तर नुकसान मालकाचे. येथे यंत्र म्हणजे पीक, आणि ते मोडले तेव्हा नुकसान बाईचे.

परंतु त्याच किनाऱ्यावर दुसरीही एक गोष्ट घडली, आणि ती आम्हांस फार मोलाची वाटते. मंडपम-रामेश्वरम् भागातील कोळणी लागवडीच्या आधीपासून बुडी मारून रानटी शेवाळ काढीत आल्या. बोटांना चिंध्या बांधावयाच्या, डोळ्यांवर चष्मा चढवावयाचा, श्वास रोखून खाली जावयाचे, आणि अगरसाठी लागणारे 'मरिकोळुंदु' खडकावरून खुडावयाचे. १९८६ साली मन्नारच्या आखातातील २१ बेटे राष्ट्रीय उद्यानात गेली आणि या बायका आपल्याच पाण्यात चोर ठरल्या. तेव्हा त्यांनी संघ बांधला. महिन्यातून बाराच दिवस समुद्रात उतरावयाचे, लोखंडी खरवडणीने मूळ उपटावयाचे नाही, वाढीच्या दिवसांत काही आठवडे काम अजिबात बंद, असे नियम त्यांनी स्वतःच घातले व पाळले. त्यांच्या पुढारी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली बेटांच्या संरक्षणासाठी दिला जाणारा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. समुद्र राखावयाचा कसा, हे सरकारी खात्याने व कंपनीने त्यांना शिकविले नाही. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांनीच ते ठरविले.

दुसरे उदाहरण इंडोनेशियाचे. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील मोंटारा तेलविहीर फुटली आणि रोटे व आसपासच्या बेटांतील शेवाळशेती बुडाली. पंधरा हजारांवर शेतकरी एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात गेले, २०२१ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि पुढच्या वर्षी कंपनीस सव्वाएकोणीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या आसपास रक्कम देण्यास मान्य व्हावे लागले. एकेकटा शेतकरी हे करू शकला असता काय?

आता हा प्रश्न आपल्या दारी आला आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये राखण्यात आले आणि कोकणातही लागवडीची भाषा सुरू झाली. विद्या आपल्याजवळ आहे : गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करीत आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. अडचणीही उघड आहेत. पावसाळ्याचे चार महिने दर्या खवळलेला असतो व नद्यांचे गोडे पाणी किनारा भरून टाकते. त्या दिवसांत तराफा टिकत नाही. म्हणजे हे काम आठमाही, आणि आठमाही कामगाराचे हाल काय असतात ते साखरपट्ट्यास विचारावे.

पाण्यावर हक्क कोणाचा, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा आपणांस विचारले नाही म्हणून कोळ्यांनी विरोध केला, तो याच कारणाने. मात्र त्याच मालवणात रापणीची परंपराही आहे. जाळे सर्वांनी मिळून ओढावयाचे आणि मासळीचे वाटे करून घ्यावयाचे, ही सहकाराची रीत तेथील माणसास पुस्तकातून शिकावी लागत नाही. शेवाळाची शेती यावयाची असेल तर ती या वाट्यांच्या रीतीने यावी. पाण्याचा पट्टा गावाच्या संस्थेच्या नावे असावा; भाव एका गिऱ्हाइकाने ठरवू नये; पीक मेले तर विमा असावा; आणि परकी जात आणण्यापूर्वी तेथील खडकांवर काय उगवते ते आधी पाहावे.

यात आपणा शहरवासीयांचाही संबंध आहे. आळंदीस इंद्रायणीवर जो पांढरा फेस चढतो तो आपण सर्वांनी पाहिला आहे. कारखान्यांचे सांडपाणी आणि घराघरांतील साबण यांचा तो फेस. तो पाल्कच्या आखातापर्यंत पोहोचतो असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या मोरीचे पाणी ज्या उपसागराकडे वाहते, त्याच्याच एका कोपऱ्यात त्या बायकांचे तराफे आहेत. ज्या समुद्रातून आपण घेतो त्यास आपण काय परत देतो, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

डबीवर लाट काढलेली असते आणि 'निसर्गस्नेही' असा शब्द छापलेला असतो. तो शब्द खोटाच असतो असे नाही. पण स्कॉटलंडच्या कुळांपासून मंडपमच्या कोळणींपर्यंतचा इतिहास सांगतो की तो अपुरा असतो. दुकानदारास, कंपनीस आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधीस आपण एवढे विचारू शकतो : हे शेवाळ कोणी काढले, तिला किलोमागे काय मिळाले, आणि उद्या याहून स्वस्त काही निघाले तर तिच्यासाठी काय तरतूद आहे? डबी भरणाऱ्या बाईने आणि शेवाळ काढणाऱ्या बाईने हा प्रश्न एकत्र विचारावा, अशी खटपट कामगार संघटनांनी केली पाहिजे, आणि तिला आपण शहरवासीयांनी साथ द्यावी, अशी आमची विनंती आहे.