चांद्याचा परकोट आणि बघ्यांची कुळकथा

चंद्रपुरात पत्ता सांगताना किल्ल्यावाचून कुणाचंच चालत नाही. कुणी जटपुरा गेटच्या आत राहतो, कुणाचं दुकान पठाणपुऱ्याला, कुणाची शाळा बिनबा गेटजवळ. पूर्वेचा अचलेश्वर दरवाजा धरून परकोटाला असे चार दरवाजे, आणि त्यांच्या जोडीला चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड अशा पाच खिडक्या. शहराचं नाव चांद्याचं चंद्रपूर झालं, तरी गोंदियाकडून येणारी रेल्वे अजूनही 'चांदाफोर्ट' नावाच्या स्टेशनात थांबते. एवढं असूनही दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत 'किल्ला बघायला जाऊ' असं म्हणणारा चंद्रपूरकर शोधून सापडला नसता. जटपुरा गेट म्हणजे त्याच्या लेखी वाहतुकीची कोंडी. कमानीच्या बाजूला हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. गोंड राजांचं ते राजचिन्ह, पण ऑटोच्या गर्दीत मान वर करायला सवड कुणाला?

जुन्या वास्तू 'बघायला' जाणं ही तशी शिकून घेतलेली सवय. इंग्लंडात ती अठराव्या शतकात चांगली रुजली. बडे जमीनदार आपल्या गावाकडच्या हवेल्या सभ्य पाहुण्यांसाठी उघडत, घराची कारभारीण दालनं दाखवी आणि पाहुणे तिच्या हातावर बक्षिशी ठेवत. होरेस वॉलपोल या लेखकाने तर आपल्या स्ट्रॉबेरी हिल या घरासाठी तिकिटं छापली. दिवसाला चार माणसांची एकच तुकडी, आणि मुलांना मज्जाव! 1813 साली आलेल्या जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली नायिका मामा-मामींबरोबर फिरायला निघते आणि नायकाची हवेली अशीच एका कारभारणीच्या मागोमाग पाहते. पुढे 1895 मध्ये नॅशनल ट्रस्ट ही संस्था निघाली. वारसाकर परवडेनासा झालेल्या सरदार घराण्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर फाटकं सर्रास उघडली. तिकडे घराच्या मालकानेच बघ्या घडवला.

चांद्यात बघ्याची वंशावळ वेगळी आहे. तिचा मूळपुरुष जत्रेकरू.

गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, मार्कंडादेव नावाचं गाव आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि उत्तरवाहिनी नदीचा काठ म्हणजे पुण्यक्षेत्र. मृकंड ऋषींच्या मुलाने शिवलिंगाला मिठी मारून यमाला परत पाठवलं ती जागा हीच, अशी श्रद्धा. महाशिवरात्रीला इथे भरणारी जत्रा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली मोठी. पूर्वी रेंग्या आणि खासरं जुंपून, शिदोरी बांधून, नदीच्या वाळूत मुक्काम टाकून लोक येत. आता एसटीच्या जादा गाड्या सुटतात. यातला कुणीही 'शिल्पकला पाहायला' घरून निघालेला नसतो. तरी अभिषेकाच्या रांगेत खोळंबलेला माणूस तासभर देवळाच्या बाहेरच्या भिंतीसमोर उभा असतो, आणि त्या भिंतीवर एकावर एक मूर्तींच्या रांगा आहेत: देव, अप्सरा, वाद्यं वाजवणारे, हत्ती, व्याल. कडेवरच्या पोराला आजी बोट दाखवून सांगते, हा गणपती, ही देवी, हा वाघोबा. व्यालाचा वाघोबा होतो, त्याने काही बिघडत नाही. या मुलखात जुनी वास्तू दाखवण्याचं काम पहिल्यांदा ज्यांनी केलं ते गाइड असे होते.

चंद्रपूरच्या महाकालीचंही तेच. चैत्रात मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, यात्रेकरू येतात, झरपट नदीत आंघोळ करतात, गाणी म्हणत देवळात जातात. गोंड राणी हिराईने अठराव्या शतकाच्या आरंभी हे देऊळ नव्याने उभं केलं, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं? थोड्यांनाच. पण वर्षानुवर्षं माणसांचा राबता राहिला म्हणून देऊळ राहिलं. तिथून जवळच अचलेश्वराच्या देवळाला लागून हिराईने नवरा बीरशहा याची भव्य समाधी बांधली. देऊळ गजबजलेलं आणि समाधी ओस, हे दृश्य कित्येक पिढ्यांनी पाहिलं. समाधीला नवस बोलता येत नाही ना!

या वंशावळीत दुसरा आला तो मोजणीदार. 1854 मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि चांदा जिल्हा त्यांच्या ताब्यात आला. जमीनमहसुलाचा बंदोबस्त करायला बसलेल्या मेजर लुसी स्मिथने 1869 च्या अहवालात शेतसाऱ्याच्या आकड्यांबरोबर गोंड राजांच्या वंशाची हकिगत आणि लोकांच्या तोंडच्या कथाही लिहून ठेवल्या. परकोटाची प्रसिद्ध गोष्टही अशीच लोकांच्या तोंडची. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर गाठी होत्या, झरपटीच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या. पुढे शिकारीत एक ससा उलटून राजाच्या कुत्र्याच्याच मागे लागला. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. ज्या वाटेने तो धावला त्या वाटेवर राणीच्या सांगण्यावरून तट बांधायचा ठरला. राजधानी बल्लारपुराहून चांद्याला आली ती पंधराव्या शतकात. तट मात्र एका राजाच्या हयातीत पुरा झाला नाही, हिरशहा आणि त्याच्या वारसांनी तो पुढे नेला.

लुसी स्मिथनंतर पाचेक वर्षांत अलेक्झांडर कनिंगहॅम आला. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हा पहिला महासंचालक 1873-74 च्या दौऱ्यात भांदक, मार्कंडा, चांदा, केळझर पालथं घालत होता. जत्रेकरूने जिथे हात जोडले तिथे याने फीत लावली. मार्कंड्याच्या आवाराची लांबी 196 फूट आणि रुंदी 118 फूट, आत वीसहून अधिक लहानमोठी देवळं, वीज पडून मुख्य देवळाच्या शिखराची झालेली पडझड, असा सगळा तपशील त्यानंतर कागदावर आला. आज ज्याला त्याला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणायची हौस आहे. ती तुलना मार्कंड्यावर अन्यायच करते. खजुराहोला वैनगंगा नाही आणि महाशिवरात्रीची ही वाळूही नाही.

मोजणीदाराने दिलं तसं नेलंही. नागभीडजवळच्या देवटेक गावची शिला हे ठळक उदाहरण. तिच्यावर एक लेख मौर्यकाळचा, प्राण्यांना पकडण्या-मारण्यावर बंदी घालणारा. दुसरा त्यानंतर कित्येक शतकांनी वाकाटक राजा रुद्रसेनाच्या काळी कोरलेला. दोन राजवटींनी एकाच दगडावर लिहिलं, आणि तो दगड गेला नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात. गावात जाऊन बघावं तर दगड नाही, आणि अजबबंगल्यात बघावं तर भोवती गाव नाही.

इंग्लंडातल्या हवेल्यांशी जवळचं नातं सांगायचं तर ते जमीनदाऱ्यांचं. वैनगंगेच्या पूर्वेचा आणि प्राणहितेच्या काठचा जंगलमुलूख जमीनदारांकडे होता, आणि त्यात अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी, अडीच हजार चौरस मैलांच्या घरात जाणारी. पण या वाड्यांचं 'दर्शन' तिकीट काढून घ्यायचं नव्हतं. रयतेने अहेरीच्या राजवाड्यावर जायचं ते दसऱ्याला, राजाची पालखी निघते तेव्हा. 1951 मध्ये जमीनदाऱ्या कायद्याने गेल्या. त्याच्या दोनच वर्षं आधी इंग्लंडात लाँगलीट या हवेलीने पैसे घेऊन दारं उघडली होती. अहेरीत तसं काही झालं नाही. जमीनदारी गेली तरी दसरा राहिला, आणि दूरच्या खेड्यापाड्यांतले आदिवासी त्या दिवशी अहेरीची वाट धरतात.

या जमीनदारीच्या इतिहासात एक कडवट पानही आहे. 1858 मध्ये मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्याला धरून इंग्रजांच्या हवाली केलं, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून अडपल्ली आणि घोटच्या जमीनदाऱ्या मिळाल्या. आज दरवर्षी 21 ऑक्टोबरला तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळापाशी बाबूरावांना मानवंदना द्यायला माणसं जमतात. त्याच तुरुंगात गैबीशाह वलींचा दर्गा आहे. मोहरमच्या दोन दिवसांत एरवी बंद असलेलं हे फाटक सर्वसामान्यांसाठी उघडतं, हिंदू-मुसलमान दोघेही रांग लावतात आणि आतल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेतात. चालू तुरुंगात गर्दी करून जुनी जागा पाहण्याचा प्रकार महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच असेल. इथेही कुणी 'पर्यटनाला' आलेलं नसतं.

थोडक्यात, देव, पीर, राजा किंवा हुतात्मा यांपैकी कुणीतरी असलं की चांद्याचा माणूस जुन्या वास्तूपर्यंत चालत जातो. परकोटाची पंचाईत अशी की तो यांपैकी कुणाच्याच वाट्याला आला नाही. 1751 मध्ये भोसल्यांनी चांदा घेतलं आणि शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला. 20 मे 1818 रोजी कर्नल ॲडम्सच्या फौजेने तोफांनी तट फोडला, किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. त्यानंतर तटाला काही कामच उरलं नाही. नाही म्हणायला, इरई आणि झरपट फुगल्या की पठाणपुरा दरवाजाशी पाणी येतं आणि परकोट आहे याची आठवण होते. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक लागला, तोही झुडपांत गेला. दगडांच्या फटींत वड-पिंपळ रुजले, मुळांनी चिरे ढकलले, आणि तटाची आतली बाजू आसपासच्या वस्तीची कचराकुंडी झाली.

1 मार्च 2017 रोजी बंडू धोतरे यांच्या 'इको-प्रो' संस्थेची मुलं विळे-कुऱ्हाडी घेऊन तटावर चढली. एरवी वन्यजीव आणि जंगल हा या संस्थेचा विषय. रोज सकाळी दोन-तीन तास, मग ज्याचं त्याचं काम किंवा कॉलेज, असा क्रम महिनोन् महिने चालला. एका बुरुजावरची झुडपं तोडायची, माती-कचरा पाट्यांनी खाली उतरवायचा, की पुढचा बुरूज. आधी बघ्यांनी नाकं मुरडली, नंतर हळूहळू त्यांतलेच काही हातभार लावू लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या कामाचा उल्लेख केला आणि चंद्रपूरकरांना आपल्याच गावात किल्ला असल्याची बातमी दिल्लीहून मिळाली.

साफ झालेल्या तटावरून लोकांना चालवायचं, हा पुढचा भाग. भारतात अशा पायी फेरीचा पायंडा अहमदाबादने पाडला. तिथल्या महापालिकेने 19 नोव्हेंबर 1997 पासून काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळची फेरी सुरू केली. चंद्रपूरच्या 'हेरिटेज वॉक'चं नाव तिकडचं, पण चाल इथलीच. रविवारी सकाळी शाळेची पोरं, बँकेतली माणसं, निवृत्त मास्तर बगड खिडकीसारख्या ठिकाणी जमतात आणि तटावरून एका बुरुजावरून दुसऱ्यावर जातात. सशाची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. ती खरी नाही हे पोरांना कळतं, तरी ससा कुठून वळला असेल यावर वाद होतो. अ. ज. राजूरकरांनी 'चंद्रपूरचा इतिहास' लिहिला तेव्हा तो वाचणारे थोडे होते. आता तटावर उभं राहून ऐकणारे आहेत, हा फरक लहान नाही.

या घराण्यातला सर्वांत धाकटा बघ्या मात्र जीपमध्ये बसून येतो. ताडोब्याला येणारा पाहुणा मोहर्लीच्या वाटेवर रस्त्याकडेला ओळीने उभे असलेले दगडी खांब पाहतो. गोंड राजांच्या काळचे ते खांब, त्यांच्या भोकांतून दोर ओवून घंटा वाजवत आणि राजाच्या येण्याजाण्याची वर्दी देत, असं गाइड सांगतात. पाहुणा मान डोलावतो आणि लगेच विचारतो, वाघ कुठे? खांबांचं राज्य जिथून चालायचं ते शहर तिथून तासाभराच्या आत आहे, पण बहुतेक गाड्या परस्पर नागपूरला जातात. लालपेठेतल्या अखंड दगडांच्या अजस्र मूर्ती तर चंद्रपूरकरांपैकीही अनेकांनी पाहिलेल्या नाहीत. रायप्पा नावाच्या कोमट्याने देऊळ बांधायला घेतलं आणि ते अर्धवट राहिलं, म्हणून त्या उघड्यावर पडून आहेत. दहा तोंडांच्या दुर्गेला आसपासची पोरं बिनदिक्कत रावण म्हणतात.

तेव्हा ताडोब्याला येणाऱ्यांना एकच विनंती. परतीची गाडी अर्ध्या दिवसाने पुढे ढकला. सकाळी अचलेश्वर दरवाजापाशी जाऊन बीरशहाची समाधी पाहा, मग महाकाली, मग लालपेठ. आणखी एक दिवस हाताशी असेल तर मूल, चामोर्शीमार्गे मार्कंड्याला जा. महाशिवरात्र सोडून गेलात तर देवळाची भिंत निवांत पाहता येईल, महाशिवरात्रीला गेलात तर ती दाखवणारी आजी भेटेल. मार्कंड्याच्या मुख्य देवळाचं दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलेलं आहे, त्याबद्दल परतल्यावर पुरातत्त्व खात्याला एक पत्रही टाका.