चिंधी, सरस आणि चकाकी

सोलापूरचा इतिहास लिहिणारे चात्या मोजतात, माग मोजतात, संपाचे दिवस मोजतात. १८६० साली रेल्वे आली. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल काढली, तिला पुढं सगळं गाव जुनी गिरणी म्हणायला लागलं. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे ही चार नावं तर शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण ज्या यंत्रांतून हे सगळं सूत निघालं, ती यंत्रं घासून, पुसून, गुळगुळीत ठेवून चालवणारा माणूस या पुस्तकांत मला कुठं भेटला नाही. मी गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होतो, त्यामुळं हे जरा जास्तच खुपत असेल.

हे आत्ताच लिहायला बसण्याचं कारण आमच्या पडवीत पडलंय. नातवानं एका जुन्या जपानी गाडीच्या इंजिनावरचं ओतीव अॅल्युमिनियमचं झाकण आणलं. गॅरेजवाले त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या खाली कॅमशाफ्ट फिरतो. रंग पोपडे धरून सुटलेला, तेलाचा काळा थर, आणि त्याला हवंय आरशासारखं. "आजोबा, ग्राइंडर लावा की, तासात होतंय," म्हणाला. ग्राइंडर लावला तर तासात भंगारच होईल, हे त्याला समजावण्यात पहिली संध्याकाळ गेली.

झाकणाआधी त्याच्या खालच्या शाफ्टाबद्दल बोलतो, कारण सोलापूरची खरी गंमत तिथं आहे. साध्या विणीच्या मागाला दोन शाफ्ट असतात. वरचा क्रँक शाफ्ट एक फेरा मारतो तेव्हा बाण्याचा एक धागा पडतो. खालचा बॉटम शाफ्ट त्याच्या बरोबर निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे दोन धाग्यांना एक फेरा. त्या खालच्या शाफ्टावर फुगीर पोटाच्या ओतीव चकत्या बसवलेल्या असतात. त्यांचं पोट खालच्या रोलरवर दाबलं गेलं की ताण्याचे निम्मे धागे वर जातात, निम्मे खाली येतात आणि मधल्या फटीतून धोटा पळतो. आता मोटारीचं इंजिन उघडा. तिथंही क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टचा एक फेरा, तिथंही फुगीर पोटं, तिथंही त्या पोटांनी दाबून काहीतरी उघडायचं आणि मिटायचं. धाग्याच्या जागी व्हॉल्व्ह आला, एवढंच. गावात मोटार आली तेव्हा तिचं पोट उघडून बघणाऱ्या गिरणीच्या फिटरला त्यात नवखं वाटावं असं फार थोडं होतं, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

मागाच्या त्या चकतीवर एक खरबरीत ठिपका राहिला तर रोलर उडतो. रोलर उडला की ताण्याला हिसका बसतो, धागे तुटतात, आणि सांचेवाला जॉबरकडं बोंब मारतो. जॉबर आमच्या खात्याकडं बोट दाखवतो. म्हणून घासणं हे आमच्याकडं शोभेचं काम कधीच नव्हतं. शाफ्टाच्या बेअरिंगच्या जागा चकचकीत करायची रीत अशी: एमरी कापडाची अरुंद पट्टी शाफ्टाला गुंडाळायची, तिच्यावर सुताच्या जाड दोरीचे एक-दोन वेढे द्यायचे, आणि दोरीची दोन टोकं दोन हातांत धरून ताक घुसळल्यासारखी आळीपाळीनं ओढायची. पट्टी शाफ्टाभोवती सारख्या दाबानं फिरते. बोटांनी घासलं तर कुठं जास्त, कुठं कमी होतं. दोरीनं तसं होत नाही. दर थोड्या वेळानं शाफ्ट पाव फेरा वळवायचा. शेवटी एमरी काढून नुसती तेलात बुडवलेली सुती पट्टी. गॅरेजमध्ये क्रँक शाफ्टच्या जर्नलला आजही कुणी कुणी असंच करतात, फक्त सुताच्या दोरीच्या जागी बुटाची नाडी आलीय.

सपाट आणि वाकड्या भागांना चाक लागायचं, आणि ते चाक खात्यातच तयार व्हायचं. कापडाच्या गोल चकत्या एकावर एक रचून गोल गोल टाके घालायचे. त्याच्या कडेला गरम सरस लावून ती कुरुंदाच्या पुडीत घोळवायची. सरस थेट जाळावर ठेवायचा नाही. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचा, कारण उकळला की त्याची पकड जाते आणि चाक फिरताना पूड तोंडावर उडते. मग ते चाक वाळायला टांगून ठेवायचं. घाई करणाऱ्या पोराला आमचे मेस्त्री कामच देत नसत. कापड गिरणीचंच, मांजरपाट. पण त्यातली खळ आधी धुऊन काढायची. खळीचं कापड ताठ राहतं आणि धातूवर रेघा पाडतं. कपड्याच्या गावात धातूला चमक आणणारं हत्यार कापडाचंच असावं, यात मला नवल वाटत नाही. जगभर बफ बहुतेक सुती कापडाचेच असतात. पण आमच्याकडं ते फुकट होतं, चिंधीच्या ढिगात हवं तेवढं.

ओतकाम या मुलखाला नवं नाही. सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यात मेणाचा साचा करून मूर्ती ओतायची रीत दिलीय. आधी मेण तोलायचं आणि त्याच्या पटीत धातू घ्यायचा, इतका व्यवहारी मजकूर आहे तो. पुढं ओतारी आले, कासार आले, पंढरपूरच्या बाजारात पितळेच्या मूर्ती आल्या. ओतून झाल्यावर कानस, मग बारीक वाळू, मग चिंच आणि राख. कामाचा क्रम तोच, फक्त आमच्या काळात राखेच्या जागी ट्यूबमधलं पॉलिश आलं.

तर ते झाकण. तेल काढायला रॉकेल आणि ब्रश पुरे. नातवानं कुणाचं तरी ऐकून कॉस्टिक आणलं होतं, ते मी आधी कुलपात टाकलं. गिरणीत कॉस्टिक ड्रमांनी यायचं. ताणलेल्या सुताला त्यात बुडवलं की सुताला रेशमासारखी तकाकी येते. तेच कॉस्टिक अॅल्युमिनियमला लावलं की फसफसून हायड्रोजन सुटतो आणि धातू खाल्ला जातो, काळा पडतो. सुताला तारतं ते अॅल्युमिनियमला मारतं.

मग साच्याच्या दोन भागांचा जोड. झाकणाच्या कडेनं एक बारीक उंचवट्याची रेघ असते. ती कानशीनं उतरवायची, कानशीला खडू चोळून, नाहीतर अॅल्युमिनियम दातांत भरतं आणि तोच भरलेला कण पुढच्या घासात खोल चरा ओढतो. त्यानंतर पॉलिश पेपर. १२० नं सुरुवात, मग २२०, ४००, ६००, शेवटी १०००. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची. उभं घासलं असेल तर पुढचं आडवं, म्हणजे आधीच्या रेघा पुसल्या की नाही ते डोळ्याला दिसतं. चारशेपासून पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून वापरायचा. सगळा कस या टप्प्याला लागतो. चाकावर फक्त आधी केलेलं काम दिसतं. न केलेलं तर जास्तच दिसतं.

ओतीव अॅल्युमिनियमची एक खोडी आहे. त्याचं वरचं कातडं घट्ट असतं आणि खाली बारीक पोकळ्या असतात. वितळलेल्या धातूत हायड्रोजन विरघळतो, गोठताना बाहेर पडायला बघतो आणि आतच अडकतो, त्या या पोकळ्या. एखादा खड्डा घालवायला जास्त खोल गेलं की खालचे पाच वर येतात. म्हणून काही खड्डे राहू द्यायचे. नातवाला हे पटत नाही. त्याला मोबाइलवरच्या फोटोसारखं हवंय. पण या धातूत सिलिकॉन मिसळलेलं असतं, त्यामुळं साच्यात तो नीट वाहतो आणि त्यामुळंच पॉलिश झाल्यावरही त्याला किंचित सावळी झाक राहते. ती घासून जात नाही. मला तरी ती बरी वाटते.

चाकाचा एक नियम मेस्त्रींनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता. लोखंड घासलेल्या चाकावर अॅल्युमिनियम लावायचं नाही. गंजाची पूड आणि अॅल्युमिनियमची पूड एकत्र आली आणि ठिणगी पडली तर ती आग पाण्यानं विझत नाही. रेल्वेवाले रूळ जोडायला हीच जोडी मुद्दाम पेटवतात. शिवाय नाकाला ओलं फडकं, आणि शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर. चाकात अडकलेली बाही माणसालाही ओढून नेते.

मोटारीचा आणि सोलापूरचा संबंध म्हटला की लोक वालचंद हिराचंदांचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. जन्म इथलाच, १८८२ चा. १९१९ साली सिंधिया जहाज कंपनी, १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मोटारींचा कारखाना मात्र कुर्ल्याला गेला, सोलापूरला आल्या त्या तिथून निघालेल्या फियाट. १०८९ सीसीचं इंजिन, बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड. सोलापूरचा उन्हाळा आणि बोअरचं क्षारांचं पाणी, दोन्ही त्या हेडचे वैरी. गाडी तापली की हेड वाकायचं. ते सरळ करायला जाड काचेवर एमरी पेपर पसरायचा, हेड उलटं ठेवून आठच्या आकड्यात हलक्या हातानं फिरवायचं, मधे मधे निळी लावून कुठं टेकतंय ते बघायचं. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा आमच्या खात्यातले कितीतरी हात अशा गॅरेजांत गेले. कुणी टॉवेलच्या कारखान्यांत माग दुरुस्त करायला लागले, कुणी एमआयडीसीत. ज्यांची देणी अडकली त्यांचं बोलणं इथं काढत नाही, तो वेगळा लेख होईल. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, तेव्हा इथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकांनी आपापसांत फोन केले, हे मला माहीत आहे, कारण त्यातला एक मला आला होता.

आणि मग १९९२ साली याच गावात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू झाली. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत तिचे कारखाने आहेत, इथले कॅमशाफ्ट परदेशातल्या मोटारींत जातात, २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले. कारखाना इथं निघण्याची कारणं उद्योजकाची आणि हिशेबाची असणार, गिरणीच्या बॉटम शाफ्टाचं नाव त्यात कुणी घेणार नाही. मीही तसा दावा करत नाही. पण ते काम कसं होतं ते ऐकलं तेव्हा मला फार आवडलं. वाळूच्या साच्यात कॅमच्या नाकाच्या जागी धातूचे तुकडे आधीच बसवून ठेवतात. वितळलेलं बीड त्यांना भिडलं की तेवढ्याच जागी झपकन थंड होतं आणि पांढरं, काचेसारखं कठीण बनतं. कानस तिथं घसरते. शाफ्टाचा गाभा मात्र सावकाश थंड होऊन करडाच राहतो, म्हणून तो सहज तुटत नाही. एकाच ओतकामात दोन स्वभाव. त्यानंतर ग्राइंडिंग, आणि सगळ्यात शेवटी एमरीची पट्टी कॅमवर दाबून पॉलिश. ती पट्टी आता मशीन धरतं.

विजेच्या गाडीला कॅमशाफ्ट लागत नाही. याच कंपनीनं २०१८ साली विजेवरचे ट्रक बनवणाऱ्या नेदरलँड्सच्या एका कंपनीत हिस्सा घेतला, म्हणजे त्यांनाही ते ठाऊक आहे. नातू म्हणतो, पेट्रोलची इंजिनं संपणार. संपतील. आमच्यादेखत गिरण्याही संपल्या.

झाकणाचं बाहेरचं काम आता होत आलंय. तपकिरी पॉलिशची वडी झाली, पांढरी उरलीय, ती टाके न घातलेल्या मऊ बफवर. वर लॅकर मारायचं नाही असं मी ठरवलंय, इंजिनाच्या उष्णतेनं ते पिवळं पडतं. त्यापेक्षा अधूनमधून फडक्यानं पुसावं. पण बसवण्याआधी एक काम राहिलंय, आणि त्यावरून आमचा वाद चालू आहे. पॉलिशच्या वेळी उडालेली एमरीची पूड झाकणाच्या आत, तेलाची वाफ जाण्याच्या फटीत, बोल्टाच्या भोकांत जाऊन बसलेली असते. तिचा चिमूटभर कण तेलात पडला तर ते पांढरं, काचेसारखं कठीण बीडही खाऊन टाकतो. नातवाला रविवारी गाडी फिरवायचीय. मी म्हणालोय, आधी रॉकेलनं आतून धू, मग गरम साबणपाण्यानं, मग पंपानं हवा मार, मग पांढरं फडकं फिरव. फडकं काळं निघालं तर पुन्हा रॉकेलपासून सुरू कर.