कादंबरीचा वाचक आणि ग्रंथाचे मोल : मराठवाड्याच्या वाचनेतिहासाची एक दिशा

मराठी कादंबरीचा इतिहास आपण आजवर प्रामुख्याने लेखकांचा आणि कृतींचा इतिहास म्हणून लिहिला. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांपर्यंतची वाटचाल मांडताना पुणे-मुंबईचे छापखाने, नियतकालिके आणि तेथील सुशिक्षित वर्ग हीच पार्श्वभूमी राहिली. वाचक या इतिहासात गृहीत धरलेला आहे. तो कोण होता, पुस्तक त्याच्या हाती कसे आले आणि त्याने ते कोणत्या संस्कारांनिशी वाचले, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. परंतु अभिजात कादंबरी म्हणजे केवळ चांगली लिहिलेली कादंबरी नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा वाचली जाणारी कादंबरी होय. तेव्हा अभिजाततेची चर्चा वाचनाच्या इतिहासावाचून पूर्ण होत नाही.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. त्वरितादेवीचे स्थान म्हणून ते परिचित आहे. अशा गावांत ग्रंथाशी पहिला संबंध येतो तो पोथीच्या रूपाने. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘भक्तिविजय’ या ग्रंथांचे एकाने वाचन करावे आणि अनेकांनी श्रवण करावे, ही रीत. पोथी कापडात बांधलेली असते. तिचे मोल पावित्र्यात असते. कादंबरी मात्र एकांत मागते, हातोहात फिरते, फिरता फिरता झिजते, आणि ही झीज हेच तिच्या मोलाचे प्रमाण ठरते. श्रवणाकडून एकांतवाचनाकडे झालेले हे संक्रमण मराठवाड्यात उशिरा घडले, आणि त्याला राजकीय कारणे होती.

निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. सभा-संमेलने आणि खाजगी शाळा यांवर परवानग्यांचे निर्बंध होते. अशा परिस्थितीत हैदराबादेत १९२२ साली मराठी ग्रंथ संग्रहालय उभे राहणे ही निव्वळ वाङ्मयीन घटना नव्हती. मराठी पुस्तक वाचणे हे येथे भाषिक अस्तित्व टिकविणे होते. १९४८च्या मुक्तीनंतर १९५५चा हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायदा आणि पुढे १९६७चा महाराष्ट्राचा कायदा यांमुळे ग्रंथालयाला सार्वजनिक अधिष्ठान लाभले.

योगायोग असा की १९६७ सालीच हान्स रॉबर्ट याउस यांनी कोन्स्टान्स विद्यापीठातील व्याख्यानात वाङ्मयेतिहासाच्या केंद्रस्थानी वाचकाला आणले आणि ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना पुढे केली. तिचा प्रत्यय गेवराईच्या परिसरात स्पष्टपणे घेता येतो. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’चे (१९६२) नायक माधवराव पेशवे यांनी १७६३ साली निजामाचा पराभव केला तो याच तालुक्यातील राक्षसभुवन येथे. पुण्याचा वाचक ही कादंबरी शनिवारवाड्याच्या स्मृतीसह वाचतो. गोदाकाठचा वाचक ती अशा भूमीवर बसून वाचतो, जिथे पेशव्यांचा विजय होऊनही १९४८पर्यंत सत्ता निजामाचीच राहिली. संहिता एकच असली तरी विजयाचा अर्थ दोघांना सारखाच लागेल असे मानणे कठीण आहे. एकाला त्यात वैभवाची आठवण सापडेल, तर दुसऱ्याला दीर्घकाळ अपुऱ्या राहिलेल्या मुक्तीची.

अशा वाचकाचा एक लिखित पुरावा आपल्याजवळ आहे. नरहर कुरुंदकर (१९३२-८२) हे याच प्रदेशाचे. आधी शाळेत शिक्षक, पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापक व प्राचार्य. त्यांचा ‘धार आणि काठ’ हा मराठी कादंबरीच्या वाटचालीचा मागोवा घेणारा ग्रंथ सामान्यतः समीक्षाग्रंथ म्हणूनच अभ्यासला जातो. केंद्रापासून दूर असलेल्या प्रदेशातील एका असामान्य वाचकाची साक्ष म्हणूनही तो वाचला पाहिजे. कादंबरीवरील प्रेम आणि कादंबरीची चिकित्सा या परस्परविरोधी वृत्ती नाहीत, हे त्यातून उमगते.

मात्र कुरुंदकरांसारखे वाचक विरळा. इतरांची साक्ष उरते ती गावोगावच्या लहान ग्रंथालयांच्या दाखलनोंद आणि देवघेव वह्यांत. कोणते पुस्तक किती वेळा गेले, किती वर्षांनी पुन्हा मागितले गेले, याची ती नोंद होय. येथे एक आक्षेप संभवतो : मागणी म्हणजे गुणवत्ता नव्हे, रंजनपर कादंबऱ्याही भरपूर फिरतात. आक्षेप रास्त आहे. परंतु एखाद्या वर्षाची मागणी आणि तीन-चार दशके टिकून राहिलेली मागणी यांत भेद आहे. परीक्षेसाठी नेमलेले पुस्तक नेमणूक संपल्यावरही नेले जात असेल, तर त्या वाचनाला पुनर्वाचनाचा अर्थ येतो, आणि अभिजाततेच्या निर्णयाला तेथे आधार मिळतो.

जीर्ण पुस्तके निर्लेखित होतात तेव्हा त्यांबरोबर जुन्या वह्याही रद्दीत जाण्याचा धोका असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी आणखी एक कादंबरीकार निवडण्याऐवजी आपल्या तालुक्यातील एका ‘ड’ वर्ग ग्रंथालयाची वही निवडावी. ती वही गेली, तर मराठी कादंबरी कोणी वाचली याचे उत्तर आपल्याला केवळ अनुमानानेच द्यावे लागेल.