बिनतारी लगाम



संक्रांतीच्या सुमारास वसईच्या मिठागरांच्या बांधावर पतंग उडविणारें पोर आपण पाहिलें असेल. त्याची नजर आभाळांत असते, पण सारा जीव बोटांत उतरलेला असतो. मांजाला बसलेला हिसका ओळखून तें कधीं ढील देतें, कधीं खेंचून घेतें. मांजा तुटला म्हणजे पतंग कांहीं क्षण तसाच तरंगत राहतो. परंतु आतां तो कोणाचाच नसतो. आज ज्या छंदाचा इतिहास मी सांगणार आहें, त्याचें मर्म या तुटलेल्या मांजांत आहे. घरीं बांधलेलें, बिनतारी लहरींनीं चालणारें लहान विमान म्हणजे दोरी नसूनही हातांत राहिलेला पतंग होय. ही अदृश्य दोरी माणसाच्या हातीं कशी आली, तें आपण पाहूं.

मराठी घरांत विमानाची गोष्ट निघाली कीं शिवकर बापूजी तळपदे यांचें नांव येतेंच. सन १८९५ मध्यें त्यांनीं मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नांवाचें मानवरहित विमान उडविलें, तें दीड हजार फूट उंच गेलें आणि खालीं कोसळलें, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. ही कथा आपल्याला प्रिय आहे, आणि म्हणूनच ती अधिक काटेकोरपणें तपासली पाहिजे. त्या उड्डाणाचा विश्वसनीय असा समकालीन पुरावा अभ्यासकांच्या हातीं आलेला नाहीं. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा आधार या कथेला पुष्कळदां दिला जातो, त्याची परीक्षा बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं केली. हा ग्रंथ विसाव्या शतकांतला असून त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असा त्यांचा निर्णय झाला. तळपद्यांच्या जिज्ञासेविषयीं पूर्ण आदर बाळगूनही, तें उड्डाण सिद्ध झालें असें म्हणतां येत नाहीं.

मग सिद्ध झालें असें केव्हां म्हणावें? पॅरिसच्या त्युइलरी बागेंत १८ ऑगस्ट १८७१ रोजीं आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणानें हातभर लांबीचें एक विमान लोकांसमक्ष सोडलें. पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर तें अकरा सेकंद उडालें आणि सुमारे चाळीस मीटर गेलें. आंकडे लहान आहेत, पण ते मोजलेले आहेत. पुढें ६ मे १८९६ रोजीं, म्हणजे चौपाटीच्या कथेनंतर वर्षभरांतच, अमेरिकेंत सॅम्युएल लँग्ली यांनीं पोटोमॅक नदीवर वाफेच्या यंत्राचें मानवरहित विमान एका नौकेवरून उडविलें. तें सुमारे एक किलोमीटर गेलें. त्याच दिवशीं तें पुन्हा उडविण्यांत आलें, आणि टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं तेथें हजर राहून त्याचें छायाचित्र घेतलें. साक्षीदार, मोजमाप, छायाचित्र आणि पुनरावृत्ति, या चार गोष्टींमुळें लँग्लींचें उड्डाण कथा न राहतां इतिहास झाला.

तथापि पेनो काय किंवा लँग्ली काय, दोघांचींही विमानें एकदां सुटलीं कीं सुटलींच. त्यांना परत बोलाविण्याचा उपाय कोणापाशीं नव्हता. तो उपाय निराळ्याच वाटेनें येत होता. १८९५ च्याच सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतीपलीकडे विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवून आणला. तारेवांचून, दूर अंतरावर, ठरलेल्या क्षणीं एखादी क्रिया घडविणें शक्य आहे, हें त्या प्रयोगानें आपल्या देशांत प्रत्यक्ष दिसलें. १८९८ मध्यें निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्कमध्यें हौदांतील एक लहान नौका अशाच लहरींनीं चालवून दाखविली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें आणि त्या लहरी आपल्या दिवाणखान्यांत गाऊं लागल्या. त्यानंतर दहाच वर्षांनीं, १९३७ सालीं, अमेरिकेंतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनीं आठ फूट पंखांचें आपलें ‘बिग गफ’ हें विमान लहरींच्या आज्ञेंत उडविलें. एकानें विमान बांधलें, दुसऱ्यानें बिनतारी यंत्र जुळविलें. छंदाच्या विमानाला लगाम चढला तो असा.

त्या काळचा लगाम फार ओबडधोबड असे. विमानांत पीळ दिलेलें एक रबर एका खुंटीनें अडवून धरलेलें असे. जमिनीवरून संकेत गेला कीं खुंटी क्षणभर सुटे आणि सुकाणू उजवीकडे वळे. पुढच्या संकेतानें मध्यावर, त्यापुढच्यानें डावीकडे. ज्या रबरानें पेनोचा पंखा फिरविला, तेंच रबर आतां सुकाणू फिरवूं लागलें. पुढें पोलादी पत्त्यांची युक्ति निघाली. बाजाच्या पेटींत प्रत्येक सुराची पत्ती निराळी, तशी येथें प्रत्येक आज्ञेची पत्ती निराळी. ज्या स्वराचा संकेत येई, तीच पत्ती कांपे आणि तिच्यापुरतेंच काम होई. १९६० नंतरच्या दशकांत मात्र खरी नजाकत आली. हातांतील दांडी जितकी झुकवावी तितकेंच सुकाणू झुकूं लागलें. सेकंदांत सुमारे पन्नास वेळां विमानाला एक स्पंद मिळतो. तो दीड सहस्रांश सेकंदाचा असला तर सुकाणू मधोमध राहतें. एकाकडे किंवा दोनाकडे कलला कीं सुकाणूही त्या त्या बाजूस कलतें. भारतांत २००५ सालीं २·४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यांतून मोकळीक मिळाली आणि या छंदाची मोठी अडचण दूर झाली. पूर्वीं एकाच लहरीवर दोघांनीं यंत्रें सुरू केलीं तर विमान जमिनीवर आपटे. आतां प्रत्येक विमान आपल्याच धन्याची हांक ओळखतें.

लगामाला घोडाही तोलाचा हवा. रबरानंतर ठिणगीवर चालणारीं चिमुकलीं पेट्रोल यंत्रें आलीं. १९४७ मध्यें रे आर्डेन यांनीं प्लॅटिनमची तार बसविलेला ठिणगीविना चालणारा प्लग बाजारांत आणला. एकदां तापविलेली ती तार मेथनॉलच्या ज्वलनानें आपोआप लाल राहते. खनिज तेल मेथनॉलमध्यें मिसळत नाहीं, एरंडेल मिसळतें. म्हणून नातवाला नाक धरून जें पाजावें लागे, तेंच एरंडेल त्याच्या विमानाचें वंगण झालें. आतां त्या जागीं विजेची मोटर आणि लिथियमची बॅटरी आली आहे. तिच्या प्रत्येक घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४·२ व्होल्ट असतो. तीन व्होल्टच्या खालीं उतरला तर घट दगावतो. आणि बरेच दिवस ठेवून द्यावयाचा असल्यास तो ३·८ च्या आसपास राखावा लागतो. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हा वापरूं नये.

आमच्या वसईस आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे खारा वारा. पोलादी काडी, बेअरिंग, तारांचे सांधे, सर्वांना तो हळूहळू खातो. प्रत्येक खेळानंतर यंत्र पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावें लागतें. उडविण्यापूर्वीं गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढच्या चतुर्थांशापासून तृतीयांशापर्यंत आहे कीं नाहीं तें बोटांवर तोलून पाहावें, प्रेषकाचा पल्ला चालत दूर जाऊन अजमावावा, आणि सुकाणूं योग्य दिशेस वळतात याची खात्री करावी. ही शेवटची खात्री मीं स्वतः एकदां केली नव्हती. तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. मीं डावीकडे सांगितलें, विमान उजवीकडे गेलें आणि महिनाभराचें काम चिखलांत रुतलें. दोष लहरींचा नव्हता, वाऱ्याचा नव्हता. माझ्या घाईचा होता. विमानापाशीं सबब चालत नाहीं.

या लगामाची सर्वांत लांब कसोटी २००३ सालीं झाली. दृष्टि फार मंद झालेल्या मेनार्ड हिल या वृद्ध गृहस्थांनीं बांधलेलें, पांच किलोहून कमी वजनाचें विमान ९ ऑगस्ट रोजीं न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून सुटलें आणि ३८ तास ५२ मिनिटांनीं आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलें. मध्यंतरीं महासागरावर तें आपल्या स्वयंचलित यंत्रानें दिशा राखीत होतें. पैलतीरीं वाट पाहणाऱ्या सोबत्यानें लगाम पुन्हा हातीं घेऊन तें खालीं आणलें.

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनीं शिक्षण, संशोधन व करमणूक यांसाठीं २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांना स्थान दिलें आहे. अट अशी कीं विमान डोळ्यांच्या टप्प्यांत राहिलें पाहिजे. निषिद्ध क्षेत्रांचा नकाशा आधीं पाहणें हेंही उडविणाराचें कर्तव्य आहे. परंतु नियम जागा निर्माण करूं शकत नाहींत. वसई-विरार महानगरपालिका २००९ सालीं झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. मोकळ्या माळावर इमारत उभी राहिली कीं मुलाच्या हातांतील एक मोठी शाळा बंद होते, याचा हिशेब कोणत्याच दप्तरांत नसतो.

तेव्हां आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी असें विमान मागेल, तर त्याबरोबर एक वहीही द्यावी. तारीख, वारा, किती मिनिटें उडालें, काय मोडलें, कसें दुरुस्त केलें, हें त्यांत लिहूं द्यावें. तळपद्यांच्या विमानाची अशी एक वही आपल्या हातीं असती, तर आज वाद उरला नसता. ‘उडालें’ हा शब्द कोणीही उच्चारावा. ‘परत आलें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा उडालें’ असें ज्याला वहींत लिहितां येईल, त्याचेंच उड्डाण खरें.