नोतोने घेतलेली हमी

जपानमधल्या कानाझावात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजी मूळच्या नोतो द्वीपकल्पाच्या टोकावरच्या, सुझूच्या. वडील साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणारे कारागीर. भात घरात आलं की ते दूरच्या साकेच्या कारखान्यांकडे निघायचे, ते थंडी सरल्यावरच परतायचे. नोतोच्या तोजींचं, म्हणजे साके बनवणाऱ्या मुख्य कारागिरांचं, जपानभर नाव आहे. आजींना मात्र त्या नावापेक्षा वडिलांविना काढलेले बर्फाचे महिने जास्त आठवत. ऐकताना मला मालवणचे माझे आजोबा दिसायचे. मुंबईची बोट पावसाळ्यात बंद, म्हणजे घरी येणंही बंद, हे त्यांनी आम्हा नातवंडांना कितीदा तरी सांगितलं होतं.

सुझूला रेल्वे पोचली 1964 साली. पहिली गाडी बघायला सगळा गाव स्टेशनात लोटला होता, असं आजी सांगत. पुढे त्याच गाडीने पोरं ओसाका-टोकियोला गेली आणि तिकडचीच झाली. गाडीत बसायला माणसं उरेनात. नोतोतलाच अनामिझु ते वाजिमा हा मार्ग 2001 मध्ये बंद झाला, सुझूचा 2005 मध्ये.

या दोन वर्षांच्या मधे, 7 जुलै 2003 रोजी, नोतोला विमानतळ मिळाला. डोंगर कापून केलेली 2000 मीटरची धावपट्टी. ओस पडत चाललेल्या मुलखात एवढा खर्च कशाला, असं विचारणारे पुष्कळ होते आणि त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्याला नोतोने दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. टोकियोच्या हानेदा विमानतळाच्या रोज दोन फेऱ्या मिळाव्यात म्हणून नोतो ज्यात येतो त्या इशिकावा प्रांताने आणि तिथल्या नगरपालिकांनी ऑल निप्पॉन एअरवेजशी करार केला. पहिल्या वर्षी 70 टक्के जागा भरल्या नाहीत तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत नुकसान आम्ही भरून देऊ. त्याहून बऱ्याच जास्त भरल्या तर कंपनीने आम्हाला पैसे द्यायचे.

मग विमान भरणं हे घरोघरचं काम झालं. नगरपालिकांनी रहिवाशांना तिकिटात सवलत दिली. आजींची सुझूतली थोरली बहीण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली ती त्याच वर्षी, गावातल्या वृद्ध मंडळींबरोबर टोकियो बघायला. ‘रिकामी खुर्ची गेली की आपलेच पैसे गेले,’ असं ती म्हणायची. विमानतळाच्या इमारतीतच सरकारी कचेऱ्या आणि वाटसरूंसाठी दुकानं आणली, म्हणजे विमान नसतानाही तिथे माणसांचा राबता राहावा. वर्षअखेरीस सुमारे 80 टक्के जागा भरल्या होत्या. पैसे कंपनीनेच नोतोला दिले, 9 कोटी येनहून अधिक.

1 जानेवारी 2024 च्या दुपारी नोतोत 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. धावपट्टीला भेगा पडल्या, रस्ते खचले, विमानतळावर शेकडो माणसं अडकली. आजी फोनला चिकटून बसल्या होत्या. बहिणीचा आवाज ऐकू आला तेव्हा त्या जमिनीवरच बसल्या. 27 जानेवारीपासून हानेदाचं विमान पुन्हा उतरू लागलं, आठवड्यातून तीन दिवस. बहिणीचा टोकियोतला मुलगा त्या विमानांपैकी एकाने आईकडे पोचला. वर्ष संपता संपता, 25 डिसेंबरपासून, रोजच्या दोन फेऱ्या पूर्ववत झाल्या.

माझ्या आजोबांच्या मालवणजवळ चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला. प्रादेशिक विमानसेवेच्या उडान योजनेत विमान कंपनीची तूट केंद्र आणि राज्य सरकार भरून देतात, तीही तीन वर्षांपुरती. ती मुदत 2024 मध्ये सरली. यापुढे विमान कोणाच्या भरवशावर उडणार, हे गावाने ठरवायला हवं. सिंधुदुर्गातल्या नगरपालिकांनी, जिल्हा परिषदेने आणि मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळांनी एकत्र बसून एका वर्षापुरती तरी जागांची अशी हमी घेऊन बघावी.